कायदा आणि आपण : विडंबनाच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला तर

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच मित्रांनी एका गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर नवे शब्द रचून एक गाणे तयार केले. कृष्णेचे पाणी वाढू लागले की आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे खोटे आकडे व्हॉट्सॲपवर पसरवणाऱ्यांची त्यात थट्टा आहे. संगीतासाठी इंटरनेटवर मिळालेला कराओके ट्रॅक वापरला. यूट्यूबवर टाकल्यावर काही तासांतच एका संगीत कंपनीचा कॉपीराइट क्लेम आला आणि जाहिरातींचे उत्पन्न तिच्याकडे जाऊ लागले. विडंबनाला कायद्यात सूट आहे, म्हणून हरकत घ्या, असे काही जण सांगतात. हरकत घेतली तर चॅनेलच बंद होईल, असे इतर म्हणतात. आम्ही काय करावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्याला आलेला आहे तो क्लेम आहे, स्ट्राइक नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. हक्कदार कंपन्या आपली गाणी आणि चित्रफिती यूट्यूबच्या ‘कॉन्टेंट आयडी’ या यंत्रणेकडे देऊन ठेवतात आणि प्रत्येक नवा व्हिडिओ त्यांच्याशी आपोआप ताडून पाहिला जातो. जुळणी झाली की दावा लागतो. तो लागण्यापूर्वी बहुधा कोणत्याही माणसाने आपला व्हिडिओ पाहिलेला नसतो. अशा दाव्यामुळे उत्पन्न वळते किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसेनासा होतो, पण चॅनेलवर डाग लागत नाही. स्ट्राइक येतो तो हक्कदाराने व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर मागणी केल्यावर, आणि ९० दिवसांत असे ३ स्ट्राइक आले तर चॅनेल बंद होऊ शकते. तेव्हा केवळ हरकत नोंदवली म्हणून चॅनेल जाते, हे खरे नाही.

विडंबनाला सूट आहे हे मात्र अर्धेच खरे आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात विडंबन हा शब्दच आलेला नाही. ब्रिटनने २०१४मध्ये विडंबनाचा अपवाद कायद्यात स्पष्टपणे घातला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये विडंबनही वाजवी वापरात बसू शकते असा निर्णय दिला; आपल्याकडे जी समजूत पसरली आहे तिचा उगम पुष्कळदा या परदेशी माहितीत असतो. भारतात आधार आहे तो कलम ५२चा, आणि तेथे खासगी वापर, चालू घडामोडींचे वृत्त आणि ‘त्या किंवा अन्य कृतीवरील टीका अथवा समीक्षा’ एवढ्याच हेतूंसाठी वाजवी वापराला मोकळीक दिलेली आहे. या ‘टीका’ शब्दात विडंबन बसवता येते, याला केरळ उच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालाचा आधार आहे. एका गाजलेल्या मल्याळी राजकीय नाटकातील पात्रे आणि प्रसंग घेऊन त्याला उत्तर देणारे दुसरे नाटक लिहिले गेले होते, आणि मूळ नाटककाराच्या वारसांनी ते थांबवण्याची मागणी केली होती. न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या : केलेल्या टीकेच्या मानाने मूळ मजकूर किती आणि कोणत्या मोलाचा घेतला, कोणत्या हेतूने घेतला, आणि नवी कृती मूळ कृतीच्या बाजाराशी स्पर्धा करण्याचा संभव आहे का. नव्या नाटकाचा हेतू मूळ नाटकावर टीका करण्याचा होता, म्हणून त्याला मनाई मिळाली नाही.

आता हीच कसोटी आपल्या गाण्याला लावून पाहा. ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्र्यांनी जी विडंबने लिहिली, त्यांचा रोख त्या काळच्या कवितेच्या लकबींवरच होता. ती कविता डोळ्यांसमोर नसेल तर विडंबनाला अर्थच उरत नाही. आपल्या गाण्याचा रोख अफवा पसरवणाऱ्यांवर आहे. त्या चित्रपटगीतावर आपण काहीच म्हणत नाही. चाल लोकांच्या ओठांवर आहे म्हणून आपण ती घेतली. पुराच्या दिवसांत नदीकाठच्या घरांमध्ये एका खोट्या आकड्याने किती घबराट उडते हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून आपल्या विषयाचे मला मनापासून मोल वाटते; पण विषय चांगला असल्याने दुसऱ्याची चाल घेण्याचा हक्क मिळत नाही. शिवाय कराओके ट्रॅक हे स्वतंत्र ध्वनिमुद्रण आहे. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात आणि अनेकदा वेगवेगळ्या धन्यांकडे असतात. मित्राने पेटीवर तीच चाल वाजवली असती, तरी केवळ ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटला असता. चालीचा तसाच राहिला असता.

म्हणून माझा सल्ला असा, की या व्हिडिओबाबत हरकत घेऊ नये. उत्पन्न जाऊ देऊन व्हिडिओ तसाच ठेवता येईल, किंवा आपल्याच एखाद्या मित्राकडून नवी चाल बांधून घेऊन गाणे पुन्हा चित्रित करता येईल. नव्या चालीवर मूळ गीताचे धृवपद मात्र शब्दशः ठेवू नये, कारण तेथे गीतकाराचा हक्क येतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. एका दूरचित्रवाणी मालिकेत एकच थप्पड तीन कोनांतून, विजांच्या कडकडाटासह कशी दाखवली जाते, यावर मी सात मिनिटांचा विडंबनात्मक व्हिडिओ केला. त्यात मूळ मालिकेची सहा-सात सेकंदांची काही दृश्ये, एकूण सुमारे ४० सेकंद, घेतली आहेत. बाकी सारे प्रसंग मी आणि माझ्या नणंदेने घरात साकारले. निर्मात्या कंपनीने व्हिडिओ काढायला लावला, माझ्या चॅनेलवर स्ट्राइक आला आणि त्यांच्या वकिलाचे ‘कारवाई करू’ असे ई-मेलही आले. एकही दृश्य ३० सेकंदांहून मोठे नाही आणि ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असे मी खाली लिहिले होते. व्हिडिओ कायमचा पुसून माफी मागावी, असे माझे यजमान म्हणतात.
— एक वाचक, कराड, जि. सातारा

उत्तर : ताई, माफी मागण्यासारखे आपण काही केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिडिओ पुसल्याने स्ट्राइक जातही नाही. तो ९० दिवसांनी, यूट्यूबचा कॉपीराइटविषयीचा छोटा पाठ पूर्ण केल्यावर संपतो, किंवा कंपनीने मागणी मागे घेतल्यास जातो, किंवा आपण दिलेली प्रतिसूचना, ज्याला तेथे ‘काउंटर नोटिफिकेशन’ म्हणतात, टिकल्यास जातो.

आपली बाजू भक्कम आहे ती ३० सेकंदांमुळे नव्हे. अमुक सेकंद चालतात असा नियम कायद्यात कोठेही नाही, आणि हेतू नसल्याची ओळ लिहिल्यानेही संरक्षण मिळत नाही. आपल्या बाजूचे बळ असे आहे, की आपण मालिकेच्या मांडणीवरच बोलता, प्रत्येक दृश्य त्याच मुद्द्यासाठी आणि तेवढेच घेता, आणि आपला व्हिडिओ पाहून कोणी मूळ मालिका पाहणे सोडेल असे नाही. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्यांवर हे उतरते.

प्रतिसूचनेत भावना नकोत, तपशील हवा. ‘मूळ दृश्य अमुक मिनिटाला सहा सेकंद दाखवले आहे, थप्पड तीनदा दाखवण्याच्या पद्धतीवर मी लगेच टिप्पणी केली आहे आणि ती साकारून दाखवली आहे, हा वापर टीका व समीक्षेसाठी आहे’ अशा रीतीने प्रत्येक दृश्याचा हिशेब द्यावा. सगळेच करतात, मला पैसे मिळत नाहीत, मूळ निर्मात्यांना श्रेय दिले आहे, ही वाक्ये गाळावीत. मूळ चित्रीकरण, संहितेची वही आणि आलेले सगळे ई-मेल तारखांसह जपून ठेवावेत.

पाठवण्यापूर्वी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. प्रतिसूचना अमेरिकी कायद्यानुसार असते. ती खोटी ठरल्यास शपथभंगाचे उत्तरदायित्व येते, आपले नाव आणि पत्ता कंपनीकडे जातो, आणि भारतातून पाठवणाऱ्याला यूट्यूबचे कार्यालय असलेल्या कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. त्यानंतर १० अमेरिकी कामकाजाच्या दिवसांत कंपनीने दावा दाखल केल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो. घरचा पत्ता उघड होऊ नये असे वाटत असेल, तर वकिलामार्फत प्रतिसूचना द्यावी. त्याआधी कंपनीला एक सौम्य पण ठाम पत्र लिहून मागणी मागे घेण्याची विनंती करून पाहावी. त्याला खर्च नाही.

आपल्या देशातील तरतूदही माहीत असावी. हक्कदाराची लेखी तक्रार आली, की यूट्यूबसारख्या मंचाला कॉपीराइट नियमावली २०१३च्या नियम ७५नुसार ३६ तासांत पावले उचलावी लागतात. मात्र तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करण्यास मंच मोकळा असतो. आणि वकिलाच्या ई-मेलबद्दल म्हणाल, तर निराधार धमक्यांविरुद्ध कॉपीराइट कायद्याचे कलम ६० आहे. आपल्याकडून हक्कभंग झालेला नाही असे घोषित करून घेण्यासाठी आणि धमक्या थांबवण्यासाठी त्या कलमाखाली स्वतः दावा करता येतो. कंपनीने तत्परतेने हक्कभंगाचा खटलाच दाखल केला, तर मात्र हे कलम लागू होत नाही. यजमानांना हे कलम जरूर वाचून दाखवावे.

प्रश्न : आमच्या हौशी मंडळाने गोविंद बल्लाळ देवलांच्या एका नाट्यपदावर मोबाइलच्या नादाचे विडंबन रचले आणि पेटी-तबल्यावर स्वतः गायले. तरी जुनी ध्वनिमुद्रणे विकणाऱ्या एका कंपनीचा क्लेम आला. देवल तर आमच्या गावचे!
— एक नाट्यप्रेमी, हरिपूर, जि. सांगली

उत्तर : येथे विडंबनाचा आधार घेण्याची गरजच नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. देवल १९१६मध्ये वारले, तेव्हा त्यांचे शब्द कधीच सर्वांचे झाले आहेत. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८मध्ये वारले, त्यांच्या पदांवरील हक्कही २००८अखेर संपला. चाल दुसऱ्या कोणी बांधली असेल, तर त्या संगीतकाराचे मृत्युवर्ष तेवढे पाहून घ्यावे. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि तोही प्रकाशनानंतर ६० वर्षांचा असतो, परंतु आपण कोणाचेही ध्वनिमुद्रण घेतलेले नाही.

हरकतीच्या अर्जात ‘पब्लिक डोमेन’ हे कारण निवडावे, गाणारे आणि वाजवणारे मंडळाचेच सदस्य आहेत असे लिहावे आणि देवलांचे मृत्युवर्ष द्यावे. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. ती गप्प राहिली तर दावा आपोआप सुटतो. तिने दावा कायम ठेवला तर अपील करावे, त्यावर तिला ७ दिवस असतात. त्या टप्प्यावर ती व्हिडिओ काढण्याची मागणी करू शकते आणि ती ग्राह्य धरली गेली तर स्ट्राइक येतो, पण आपल्या प्रकरणात त्याला भिऊन मागे हटू नये. दावा लागल्यापासून ५ दिवसांच्या आत हरकत नोंदवली, तर पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवले जाते; उशीर झाला तर हरकतीच्या तारखेपासूनचेच. म्हणून हा अंक हाती पडताच अर्ज भरावा.