पुण्यात नोकरी करून कराडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायचं आहे. ऑनलाइन चालेल की प्रत्यक्ष यावं लागेल? माझं इंग्रजी फाडफाड नाही.

चालेल, पण आधी या. मी साताऱ्याहून जावळीतल्या एका शाळेवर जाते आणि मधल्या वारी ऑनलाइन तास घेते. ज्यांनी आपल्याला कधी पाहिलंच नाही, ती मुलं टीव्ही बघितल्यासारखी गप्प बसून राहतात. चार वेळा त्यांच्यात बसून आलात की नावानं हाक मारता येते आणि मग ऑनलाइन तासाला जीव येतो. शनिवारी सकाळची शाळा असते. शुक्रवारी रात्री गावी पोचलात तर सहज जमेल.

ऑनलाइन तास मुलांच्या घरच्या फोनवर ठेवू नका. फोन वडिलांच्या खिशात, वडील रानात नाहीतर कामावर. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा चार्जिंग संपलेलं, वर थोरल्या भावाचा नंबर आधी! शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही असेल तर त्यालाच जोडून शाळेच्या वेळेत घ्या, आणि वर्गात बाई किंवा गुरुजी हवेतच. मागच्या रांगेतल्या पोराला उठवणारं कुणी नसेल तर तुम्ही पुढच्या तिघांनाच शिकवत राहता. पावसाळ्यात डोंगराकडच्या शाळांत वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेवढे तास बुडणारच.

परवानगीसाठी मुख्याध्यापकांना अर्ज घेऊन भेटा. केंद्र सरकारची विद्यांजली नावाची वेबसाइट आहे, तिथेही स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं. मुलांशी परस्पर फोन-मेसेज नको, आणि पालकांना विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकू नका.

आता शिकवायचं काय? आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे पाचवीच्या मुलाला रंग, फळं, कविता सगळं तोंडपाठ असतं. अडतं ते वाचनात. 'सी-ए-टी कॅट' धडाधड म्हणणाऱ्या मुलापुढे चित्राशिवाय 'मॅट' लिहा, बहुतेकदा थांबेल. त्याला अक्षरांची नावं येतात, आवाज येत नाहीत. म्हणून पहिले काही आठवडे आवाज जोडून वाचणं, एवढंच. त्याआधी प्रत्येकाकडून मराठीचा एक परिच्छेद वाचून घ्या. तिथेच अडखळणाऱ्याला इंग्रजीत ओढू नका, त्याचं मराठी वाचन आधी. धडे आणि प्रश्नोत्तरं शिक्षकांकडे राहू द्या, नाहीतर तुम्ही फुकटचे शिकवणीवाले व्हाल.

या कामाला फाडफाड इंग्रजी लागत नाही. मराठीतून खुशाल समजावा, शंका आली तर शब्दकोशाच्या ॲपवर उच्चार ऐका. आपल्या पोरांना तुमच्या बोलण्यापेक्षा स्वतःला बोलायला वेळ मिळणं जास्त गरजेचं आहे.

कराडचा पट्टा साखर कारखान्यांचा, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगते. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपला की परत जातात. त्यांच्याबरोबर आलेली मुलं कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत राहतात; त्यांच्यापर्यंत तुमचा ऑनलाइन तास पोचणार नाही. मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा विचारा, जवळच्या तळावरची मुलं शाळेत येतात का. येत असतील तर शनिवारची सकाळ आधी त्यांना द्या.