सर्व्हिस सेंटरला डायल बदलू देऊ नका

वडिलांनी ७० च्या दशकात मर्चंट नेव्हीत असताना सिंगापूरला घेतलेली रोलेक्सची सबमरीनर ५५१३, आणि सर्व्हिस सेंटरच्या कोटेशनात 'डायल, काटे, बेझेल इन्सर्ट (काचेभोवतीच्या फिरत्या कड्यातली आकड्यांची चकती) बदलणे आवश्यक'. एवढा खर्च करावा का, असं तुम्ही विचारलंय. खर्चाचं नंतर बघू, आधी फोन करून काम थांबवा. आजच.

माझं घड्याळ दुसऱ्या कंपनीचं, पण त्याच काळातलं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ. केंद्राचं नाव घेत नाही. कोटेशनात मोघम 'आवश्यकतेनुसार सुटे भाग' लिहिलेलं. घड्याळ आलं ते नवंकोरं! सायीच्या रंगाचे ठिपके गायब, त्याजागी अंधारात हिरवेगार पेटणारे. जुनी डायल मागितली तर "तशी पॉलिसी नाही, सर". ती भंगारात गेली की कुणाच्या खिशात, याचं उत्तर कुठल्याच ईमेलला आलं नाही. वर काउंटरवरचा गृहस्थ म्हणतो, "नवीन झालंय की, तक्रार कसली?" अहो, जुन्या डायव्हरच्या किमतीचा मोठा हिस्सा त्या डायलमध्येच असतो!

तुमच्या डायलवर ट्रिटियम, म्हणजे अंधारात चमकण्यासाठी लावलेलं किरणोत्सारी द्रव्य, असणार. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे पन्नास वर्षांनी जेमतेम सहा टक्के उरतं. चमकत नाही हा बिघाड नव्हे, वय आहे. भिंग घेऊन सहाच्या खुणेखाली, डायलच्या अगदी कडेला बघा: 'स्विस – टी<२५' असं बारीक छापलेलं (टी म्हणजे ट्रिटियम) असेल तर हात लावू देऊ नका. अलीकडच्या बदली डायलवर नुसतं 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असतं. बेझेलची चकती उन्हाने राखाडी पडली असेल तर उलट आनंद माना, लोक तशीच शोधत फिरतात.

ऑइलिंग, गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) जरूर करा. चावी झिजली असेल तर बदला, पण जुनी परत घ्या. केसला पॉलिश अजिबात नको. लग्जच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, कडा एकदा घासल्या गेल्या की गेल्या. हे सगळं कोटेशनवर लेखी घ्या, तोंडी आश्वासन चालणार नाही. 'मग वॉटरप्रूफची गॅरंटी नाही' असं म्हणतील. नको म्हणावं. हे घालून तुम्ही तारकर्लीला स्कूबा करणार आहात का? तरीही अडून बसले तर घड्याळ उचला आणि जुनी मशीन उघडणारा चांगला कारागीर गाठा.

मी घड्याळजी नाही, विक्रेताही नाही, त्यामुळे हे माझं मत समजा. काट्यांवरची ट्रिटियमची पावडर सुटून मशीनमध्ये पडत असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही ती आहे तिथे पक्की करून घेता येते का, हे आधी विचारा.

आणखी एक. भारतातून आलेलं घड्याळ म्हटलं की परदेशी संग्राहक नाक मुरडतात. इथे रंगवलेल्या डायलींना त्यांनी 'मुंबई स्पेशल' असं नावच ठेवलंय, आणि खरं सांगायचं तर ते अगदी विनाकारण नाही. म्हणून वडिलांची सीडीसी (खलाशाचं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), सिंगापूरचं बिल असेल तर ते, त्यांचा घड्याळ घातलेला एखादा फोटो, सगळं एका फाइलीत ठेवा. पट्टा काढला की लग्जच्या मध्ये एका बाजूला मॉडेल नंबर आणि दुसऱ्या बाजूला सीरियल नंबर दिसेल, त्याचेही फोटो काढा. सीरियल नंबर मात्र इथे टाकू नका.