कॉलेजात टर्बो सी, घरी जुना लॅपटॉप: हलका सी कंपायलर कमांड लाइनवरून कसा वापरायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: नाशिकला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहात, लॅबमध्ये निळ्या स्क्रीनचं टर्बो सी आहे आणि घरी २ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप. त्यावर मोठी सॉफ्टवेअर उघडली की सगळंच अडकतं. मग साधा कंपायलर (लिहिलेल्या सी चा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) कमांड लाइनवरून, म्हणजे कमांड टाइप करून, चालवता येईल का, आणि त्यात नक्की काय टाइप करायचं?

येईल, आणि आरामात येईल. मी अंबड एमआयडीसीत मशीनच्या कंट्रोलरसाठी सी लिहितो. आमच्याकडेही कंपायलर शेवटी कमांडनेच चालतो. एडिटरमध्ये बटण असलं तरी ते आतून तीच कमांड देतं. तुम्ही नाइलाजाने या वाटेला लागताय, पण वाट चुकीची नाही.

तुमच्या लॅपटॉपसाठी मी टीसीसी सुचवीन, म्हणजे टायनी सी कंपायलर. फॅब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरचं हे काम. क्यूईमू (एका संगणकात दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) आणि एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारं) सुरू करणारा तोच. अवघड दिसणारं सी लिहिण्याच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याने एक चिमुकला कंपायलर दिला होता. तो स्वतःचाच सोर्स कंपाइल करायचा. पुढे त्यातूनच टीसीसी वाढला. विंडोजची झिप फाइल एक एमबीच्या आत आहे आणि इन्स्टॉल असं काही करावं लागत नाही. झिप उघडा, आतलं फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवा आणि त्याचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स या विंडोजच्या सेटिंगमधल्या ‘पाथ’ मध्ये जोडा; विंडोज कमांडी जिथे शोधतं त्या फोल्डरांची ती यादी. कमांड प्रॉम्प्ट आधीपासून उघडा असेल तर बंद करून नवा उघडा, कारण जुन्याला बदललेला पाथ कळत नाही. मग ‘टीसीसी -व्ही’ टाइप करा. आवृत्तीचा आकडा दिसला की झालं. (कमांडी इथे उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं.)

प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये लिहिलात तरी चालेल. फक्त सेव्ह करताना खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर ‘बेरीज.सी’ च्या मागे गुपचूप ‘.टीएक्सटी’ चिकटतं. विंडोज ते शेपूट लपवतं, म्हणून डोळ्यांना सगळं बरोबर दिसतं आणि कंपायलर मात्र फाइल नाही म्हणतो. शंका आली की ‘डीआयआर’ कमांड द्या, खरं नाव दिसेल. फोल्डरच्या नावात स्पेस नको, मराठी अक्षरंही नकोत.

ते फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ लिहून एंटर मारा. प्रॉम्प्ट थेट त्याच फोल्डरमध्ये उघडतो. तिथे ‘टीसीसी बेरीज.सी’ दिलं की ‘बेरीज.ईएक्सई’ तयार होते. मग नुसतं ‘बेरीज’ टाइप करून ती चालवायची. वेगळं नाव हवं असेल तर ‘-ओ’ आणि पुढे ते नाव. माझा आवडता प्रकार मात्र ‘टीसीसी -रन बेरीज.सी’. यात ईएक्सई बनतच नाही, प्रोग्रॅम मेमरीत कंपाइल होऊन लगेच चालतो. ताज्या ईएक्सईवर अँटिव्हायरस कधीकधी उगाच गुरकावतो, ती कटकटही टळते.

आता एररविषयी, कारण खरं शिकणं तिथेच होतं. टीसीसी पहिल्या चुकीलाच थांबतो. फाइलचं नाव, ओळीचा आकडा आणि कारण एवढंच सांगतो. काहींना हे अपुरं वाटतं. माझ्या मते नवशिक्याला हेच बरं, कारण यादीतल्या पुढच्या निम्म्या चुका पहिलीच्याच पोटच्या असतात. सेमिकोलन राहिला असेल तर आकडा बहुधा पुढच्या ओळीचा येतो. कंपायलर पुढचा शब्द वाचतो तेव्हाच त्याच्या लक्षात येतं की मधे काहीतरी हवं होतं. तेव्हा दाखवलेली ओळ ठीक वाटली तर तिच्या वरची बघा.

एखाद्या एररला ओळीचा आकडाच नसतो, नुसतं ‘अनडिफाइन्ड सिम्बल’ किंवा तसंच काही येतं. ती तक्रार लिंकरची, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे शेवटी जोडणाऱ्या भागाची. म्हणजे तुमचं सी वाचून झालं, पण तुम्ही बोलावलेलं फंक्शन कुठेच सापडलं नाही. लॅबमधला प्रोग्रॅम घरी आणलात की स्क्रीन पुसणाऱ्या ‘सीएलआरएससीआर’ वर हेच होईल, कारण ते टर्बो सी बनवणाऱ्या बोरलँड कंपनीचं स्वतःचं फंक्शन, सी भाषेचं नव्हे. ती ओळ काढा. की दाबेपर्यंत स्क्रीन थांबवणारं शेवटचं ‘गेटसीएच’ ही काढा, कमांड प्रॉम्प्टमध्ये आउटपुट कुठे पळून जात नाही. ‘व्हॉइड मेन’ च्या जागी ‘इंट मेन’ लिहा आणि शेवटी शून्य परत करा.

दोन फरक परीक्षेपुरते लक्षात ठेवा. टर्बो सी मध्ये ‘इंट’ २ बाइटचा, त्यामुळे ३२७६७ च्या पुढे गेला की थेट ऋण आकड्यात उडी. टीसीसीत तो ४ बाइटचा. तोंडी परीक्षेत सरांना नुसतं ‘४’ सांगू नका, कोणत्या कंपायलरवर ते विचारा, किंवा दोन्ही सांगा. दुसरं, लॅबमध्ये ‘.सी’ फाइलीत व्हेरिएबल ब्लॉकच्या सुरुवातीलाच घोषित करावे लागतात. टीसीसी मधेच कुठेही चालवून घेतो. प्रोग्रॅम दोन्हीकडे न्यायचा असेल तर वरच लिहायची सवय ठेवा.

कमांड लाइनचा एक फायदा लॅबमध्ये सहसा कुणी सांगत नाही. मॅट्रिक्सच्या प्रोग्रॅमला दरवेळी अठरा आकडे टाइप करत बसू नका. ते एका टेक्स्ट फाइलीत लिहा आणि ‘मॅट्रिक्स < आकडे.टीएक्सटी’ असं चालवा. ‘स्कॅनएफ’ ते तिथून उचलतं, प्रोग्रॅममध्ये अक्षरही बदलावं लागत नाही.

टीसीसीची उणी बाजूही सांगतो. तो फारसं ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करण्याचं काम, करत नाही, पण पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमना त्याने काही फरक पडत नाही. जास्त खुपतं ते असं की ‘स्कॅनएफ’ मध्ये ‘&’ विसरलात तर तो चकार शब्द काढत नाही, आणि प्रोग्रॅम चालताना कोसळतो. जीसीसी या दुसऱ्या, मोठ्या सी कंपायलरला ‘-वॉल’ (यातला डब्ल्यू मात्र मोठा) दिलं की तो ही चूक लगेच दाखवतो. म्हणून थोडी जागा झाली की जीसीसीही टाका. रोजची घाई टीसीसीवर, आणि जर्नलमध्ये उतरवण्याआधी एकदा जीसीसीच्या नजरेखालून. कमांडची ठेवण जवळपास तीच आहे, फक्त ‘-ओ’ दिला नाही तर विंडोजवर ईएक्सईचं नाव ‘ए’ असं येतं.

ग्राफिक्सची प्रॅक्टिकल्स मात्र लॅबमध्येच उरका. ‘ग्राफिक्स.एच’ बोरलँडचं आहे, ते इथे बसवण्याच्या खटपटीत रविवार घालवू नका.