मेडिकल स्टोअरमधली नोकरी सांभाळून डी.फार्म.च्या एक्झिट परीक्षेची तयारी होते का, की नोकरी सोडावी?

तुम्ही लिहिले आहे की डी.फार्म.चे, म्हणजे फार्मसीच्या पदविकेचे, दुसरे वर्ष संपले आहे, म्हापशाच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत काउंटर सांभाळावा लागतो, घरचे म्हणतात नोकरी सोडून क्लास लाव, आणि दुकानाचे मालक म्हणतात की इतके दिवस काउंटरवर काढल्यावर वेगळा अभ्यास हवा कशाला. घरच्यांच्या सल्ल्याचे उत्तर एका वाक्यात देते: नोकरी सोडू नका. मालकांच्या सल्ल्याला मात्र मी इतक्या सहजासहजी सोडणार नाही, कारण तोच सल्ला मी एका माणसाच्या तोंडून कित्येक वर्षे ऐकला आहे.

मी पणजीत डी.फार्म. केले तेव्हा ही एक्झिट परीक्षा, म्हणजे पदविकेनंतर फार्मसिस्ट म्हणून नोंदणी होण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा, नव्हती. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने तिची नियमावली 2022 साली काढली आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर 2024 मध्ये झाली. ती मी दिलेली नाही, पण तिच्या तीन पेपरांत जे विषय आहेत तेच आम्हीही शिकलो, आणि दिवसा कॉलेज, संध्याकाळी व रविवारी कांदोळीच्या रस्त्यावरच्या एका औषधाच्या दुकानात काउंटर, अशाच रीतीने माझा सगळा अभ्यास झाला. आज त्याच किनारपट्टीत मी नोंदणीकृत फार्मसिस्ट म्हणून काम करते आणि माझ्या हाताखाली शिकाऊ मुले असतात, म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजते.

त्या दुकानात एक ज्येष्ठ सेल्समन होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. त्यांच्याकडे कोणतीही पदविका नव्हती, पण कळंगुटपासून म्हापशापर्यंतच्या प्रत्येक डॉक्टरचे अक्षर त्यांना वाचता येत असे, कोणता ब्रँड कोणत्या खणात आहे हे ते डोळे मिटून सांगत, आणि एखाद्या गोळीचा पुरवठा बंद झाला तर तिच्या जागी कोणती आली आहे हे त्यांना मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्याही आधी कळलेले असे. मी गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून फार्माकॉलॉजीचे पुस्तक उघडले की ते ठरलेले वाक्य म्हणत: "बाय, औषध हाताला कळले पाहिजे, पुस्तकाला कळून काय उपयोग?" दुकानात सगळे हसत. मलाही हसावे लागे.

मग डिसेंबरच्या ऐन हंगामात, संध्याकाळच्या गर्दीत, एक अमेरिकन पर्यटक रिकामा इनहेलर घेऊन आला. त्यावर 'अल्ब्युटेरॉल' असे लिहिलेले होते. काकांनी ते नाव दोनदा वाचले, मान हलवली आणि "नो स्टॉक" म्हणून सांगून टाकले. त्यांच्या पाठीमागच्या फळीवर अस्थालिनच्या इनहेलरची रांग लागलेली होती. अमेरिकेत ज्याला अल्ब्युटेरॉल म्हणतात तेच आपल्याकडचे सॅल्ब्युटामॉल, आणि ते दम्याच्या निम्म्या रुग्णांच्या खिशात असते. त्याच आठवड्यात मी पुस्तकात अशा दुहेरी नावांच्या जोड्या वाचल्या होत्या: पॅरासिटामॉल आणि अॅसिटामिनोफेन, अॅड्रिनॅलिन आणि एपिनेफ्रिन, ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लायब्युराइड. मी पुढे होऊन फार्मसिस्ट सरांना सांगितले की हे औषध आपल्याकडे आहे. काका काही बोलले नाहीत.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी जिंकले असते. परंतु सॅल्ब्युटामॉल शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, आहे, म्हणून सरांनी त्या गृहस्थांकडे प्रिस्क्रिप्शन मागितले. त्यांनी मोबाइलमध्ये आपल्या गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो दाखवला. सरांनी नम्रपणे सांगितले की चिठ्ठी येथे नोंदणी असलेल्या डॉक्टरचीच लागते आणि दवाखाना पलीकडच्याच गल्लीत आहे. त्या गृहस्थांना धाप लागलेली नव्हती, ते दुसऱ्या दिवशीच्या बोटीच्या सफरीबद्दल आरामात बोलत उभे होते. तशी लागलेली असती तर प्रश्नच वेगळा होता आणि सर वेगळे वागले असते. ते गृहस्थ वैतागून निघून गेले आणि परत आले नाहीत. बहुधा चार दुकाने सोडून पुढे त्यांना कोणीतरी विनाचिठ्ठी इनहेलर दिलाही असेल. त्या दिवसापासून काकांना नवे वाक्य मिळाले: "पुस्तक वाचून ही पोर गिऱ्हाईक घालवायला शिकली." मी ते दुकान सोडेपर्यंत ते वाक्य मला ऐकवले जात होते, आणि चवथीला भेट झाली तर आजही ऐकवले जाते.

म्हणून तुमच्या मालकांना, आणि त्यांच्या निमित्ताने काकांना, माझे सांगणे असे आहे. काउंटर ब्रँड शिकवतो आणि परीक्षा रेणू विचारते. काउंटरवर 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्याने भागते. परीक्षेत ॲम्लोडिपिन हे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर आहे आणि टेल्मिसार्टन हे अँजिओटेन्सिन रिसेप्टर ब्लॉकर आहे हे सांगावे लागते. काउंटरवर कार्बिमाझोल आणि कार्बामाझेपिन ही दोन नावे शेजारच्या खणांत पडलेली असतात. त्यांतले पहिले थायरॉइडचे आणि दुसरे फेफऱ्याचे आहे हे ज्याला केवळ खणाच्या जागेवरून ठाऊक आहे, त्याच्यावर खण बदलल्याच्या दिवशी मी विसंबणार नाही. गोव्यात 1842 साली वैद्यकशाळा स्थापन झाली तेव्हापासून येथे औषधे बाकावर बसून शिकवली जात आहेत; त्यामागे काही विचार असेलच.

तरीही मी नोकरी सोडू नका म्हणते, याचे कारण असे की अर्धा अभ्यासक्रम तुमच्यासमोर रोज चालत येतो, फक्त तो वाचण्याची सवय लावावी लागते. सुरुवात गोळीच्या पाकिटापासून करा. ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रासायनिक नाव छापण्याचा नियम 2018 साली झाला आहे, त्यामुळे ते शोधण्याचेही कष्ट नाहीत. डाव्या कोपऱ्यात आरएक्स आहे, लाल आरएक्स आहे, एनआरएक्स आहे की एक्सआरएक्स आहे, हे प्रत्येक वेळी पाहून मगच पाकीट पुढे सरकवा; औषध कोणत्या यादीतले आहे हे या खुणा सांगतात. शेड्यूल एच-वन या यादीतली औषधे दिली की त्यांची नोंद ज्या वहीत करतात ती वही दुसऱ्याला लिहू देऊ नका, स्वतः मागून घ्या. त्यात डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले ते लिहायचे असते, आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते, हे ज्याने हाताने लिहिले आहे त्याला न्यायशास्त्राच्या, म्हणजे औषधविषयक कायद्यांच्या, पेपरात विसरायला होत नाही. सेफिक्झिम वहीत चढते आणि अमॉक्सिसिलिन चढत नाही, हे काही आठवडे पाहिले की ती यादी घोकावी लागत नाही. शेड्यूल एक्स या यादीतली औषधे मात्र बहुतेक दुकानांत दिसणार नाहीत, कारण त्यासाठी वेगळा परवाना लागतो; तेथे चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि तिची एक प्रत दुकानाने दोन वर्षे ठेवायची असते, एवढे पुस्तकातूनच करा. केटामाइन हे भुलीचे औषध, ज्याचा नशेसाठी गैरवापर होतो, त्यातच येते, आणि आमच्या किनारपट्टीवर केटामाइन मागायला कोण कोण येते हे मी तुम्हाला सांगायला नको.

गिऱ्हाइकांच्या तक्रारींकडे तर पाठ्यपुस्तकासारखे पाहा. बीपीची गोळी सुरू झाल्यापासून पाय सुजतात असे कोणी म्हटले की रात्री घरी जाऊन ॲम्लोडिपिनचे पान काढा. कोणी तिसऱ्यांदा कोरड्या खोकल्याचे औषध मागायला आले तर त्यांच्या बाकीच्या चिठ्ठीत एनालाप्रिल हे बीपीचे औषध आहे का, हे फार्मसिस्टच्या कानावर घाला आणि मग तो परिणाम का होतो ते वाचा. मेट्रोनिडाझोलसोबत मद्य वर्ज्य का, हा प्रश्न गोव्यातल्या विद्यार्थ्याचा चुकलाच तर मला आश्चर्य वाटेल, कारण "फेणी चालेल ना?" हे आपल्याला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतेच. इन्शुलिनच्या फ्रिजचे तापमान 2 ते 8 अंशांत आहे का, हे रोज सकाळी स्वतः पाहा. पावसात वीज गेली की काय करायचे आणि इन्शुलिन बर्फाच्या कप्प्याला चिकटून का ठेवायचे नाही, हे सगळे साठवणुकीच्या प्रश्नांत येते.

आता जे काउंटर कधीच शिकवणार नाही त्याकडे वळते, कारण नोकरी करणारी मुले तेथेच अडकतात. फार्माकॉग्नॉसी (वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांचा अभ्यास), रसायनशास्त्र आणि फार्मास्युटिक्समधली (औषधे तयार करण्याच्या शास्त्रातली) गणिते यांचा दुकानाशी काहीही संबंध नाही. दुकानात आज कोणी मलम घोटत नाही आणि मिश्रणेही बनवत नाही, म्हणून 90 टक्के आणि 60 टक्के अल्कोहोल मिसळून 70 टक्के करायचे असेल तर पहिल्याचा एक भाग आणि दुसऱ्याचे दोन भाग घ्यायचे, हे हाताला कधीच कळणार नाही. यंगच्या सूत्राने मुलाचा डोस काढायचा, म्हणजे मुलाच्या वयाला वय अधिक बारा याने भागून मोठ्यांच्या डोसने गुणायचे, हेही तसेच. व्यवहारात आज डॉक्टर वजनावर डोस ठरवतात, पण परीक्षेत सूत्र विचारले जाते. या तीन विषयांना सकाळचा ताजा वेळ द्या. रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर गणिते सोडवण्याचा प्रयत्न मी करून पाहिला आहे आणि तो व्यर्थ असतो. रात्री फक्त दिवसभरातल्या औषधांची पाने वाचावीत. फार्माकॉग्नॉसीतल्या वनस्पतींची नावे, कुळे आणि घटक यांच्या छोट्या चिठ्ठ्या करून कदंबच्या बसमध्ये वाचल्या तरी पुरते.

क्लासबद्दल माझे मत कडक आहे. ज्याला दोन वर्षे कॉलेजमध्ये बसून जे समजले नाही ते तीन महिन्यांत कोणी समजावून देईल, यावर माझा विश्वास नाही, आणि बहुपर्यायी प्रश्नांचे संच सोडवायला क्लास लागत नाही. पेपर इंग्रजीत असतो याची धास्ती असेल तर जुनी पुस्तके मराठीत समजून घ्या, पण प्रश्न मात्र इंग्रजीतूनच सोडवा. तीनही पेपरांत वेगवेगळे 50 टक्के गुण मिळवावे लागतात आणि तीनही पेपरांत ते एकाच खेपेला मिळवावे लागतात, म्हणून आवडत्या विषयात भरपूर गुण मिळवून नावडत्याची भरपाई होत नाही. औषधांच्या नावांत तरबेज असलेली दुकानातली मुले रसायनशास्त्राच्या पेपरातच नापास होतात ती यामुळेच.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या येथे जोडते. चिठ्ठ्यांचे फोटो अभ्यासासाठी मोबाइलमध्ये साठवू नका. औषधाचे नाव वहीत लिहा, रुग्णाचे नाव तेथेच राहू द्या. तुमच्या दुकानात भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र टांगलेले आणि फार्मसिस्ट मात्र महिनोन्‌महिने न दिसणारा, असा प्रकार असेल, तर मी वर दिलेला सल्ला मागे घेते: ती नोकरी सोडा, कारण तेथे तुम्ही शिकणार नाही आणि 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे चिठ्ठीवरचे औषध देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मसिस्टला आहे. तुमचे नाव अजून नोंदणीत नाही, तेव्हा सध्या तुम्हीही ते फार्मसिस्टच्या देखरेखीखालीच देऊ शकता. ज्यांच्यावर घर चालवण्याची जबाबदारी नाही आणि ज्यांना दिवसाचे सहा तास बसून वाचण्याची सवय आहे, त्यांनी नोकरी सोडली तर मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. परंतु अशी माणसे मला फार भेटलेली नाहीत.

काकांची बाजूही न्यायाने मांडायची तर, माझ्या पहिल्या महिन्यात डॉक्टरांची अक्षरे त्यांनीच मला वाचायला शिकवली आणि त्याचा उपयोग मला रोज होतो. पण त्या इनहेलरच्या बाबतीत माझे म्हणणे आजही तेच आहे: त्यांना नाव कळले असते तर त्यांनी तो विनाचिठ्ठी दिला असता, आणि त्याला ते अनुभव म्हणाले असते. गिऱ्हाईक गेले, हे मान्य. सरांनी दुसरे काय करायला हवे होते, हे काकांनी मला आजवर सांगितलेले नाही.

तुमच्या मालकांकडे परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे रजा मागा, ती आजच लेखी मागा, आणि शक्यतो तारीख जाहीर होण्याच्या आधी मागा, कारण जाहीर झाल्यावर दुकानातली दुसरी शिकाऊ मुलेही त्याच दिवसांची रजा मागतील.