फी बाकी आहे, उसने पैसे परत करायचेत, टेन्शनने झोप आणि अभ्यास दोन्ही गेलंय. काय करू?

तू लिहिलंयस की ह्या सेमिस्टरची फी बाकी आहे, रूममेटकडून घेतलेले पैसे परत करायचेत, पुस्तक उघडलं की डोक्यात तेच आकडे फिरतात, रात्री झोप नाही आणि घरी सांगावं की नाही तेही कळत नाहीये. मी दुसऱ्या वर्षाला असताना अगदी ह्याच अवस्थेत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी अभ्यासाचं, कारण तू म्हणतोस की आपलं डोकंच बंद पडलंय. तसं नाहीये रे. पैशाची काळजी खरोखर डोक्यातली जागा खाते. २०१३ मध्ये सायन्स ह्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची डोकं चालवायची चाचणी घेतली, एकदा तोडणीच्या आधी म्हणजे हात आखडलेला असताना आणि एकदा ऊस जाऊन पैसे आल्यावर. माणसं तीच, पण तंगीच्या दिवसांत त्यांची कामगिरी स्पष्ट खाली आली. मला हे तेव्हा माहीत असतं तर एका पेपरात नापास झाल्यावर मी स्वतःला जे काही बोलले ते बोलले नसते.

आता माझी चूक सांगते. फी ऑफिसचे ईमेल मी उघडायचेच नाही, बँकेचं ॲपसुद्धा नाही, आणि न बघितल्यामुळे तो आकडा मनात रोज वाढतच गेला. शेवटी एका रात्री सगळं कागदावर काढलं, कोणाचे किती, कधीपर्यंत, हातात किती, महिन्याला येतात किती. पैसे काही वाढले नाहीत त्याने, पण आकडा मला वाटत होता त्यापेक्षा लहान निघाला. तुझा कदाचित मोठा निघेल, तरीही माहीत असलेला मोठा आकडा परवडतो कारण त्याचे तुकडे पाडता येतात, नुसत्या धास्तीचे नाही पाडता येत. आणि प्रत्येक रकमेपुढे एक गोष्ट नक्की लिही, ही उशिरा दिली तर नेमकं काय होईल. दंड लागेल, परीक्षेला बसू देणार नाहीत, राहायची खोली जाईल, की फक्त मित्र थोडा नाराज होईल? हे लिहिलं की कुठले पैसे आधी द्यायचे ते आपोआप दिसतं. राहणं, जेवण आणि ज्यावाचून परीक्षा अडेल ते पहिलं. रूममेटला मात्र तोंड चुकवू नकोस, "सगळे एकदम नाही जमणार, दर महिन्याला एवढे देतो" असं सांग आणि तेवढे दे, रक्कम छोटी असली तरी चालेल.

एक कळकळीने सांगते, हे भागवायला झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नकोस, किंवा क्रेडिट कार्डचं फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरत राहू नकोस. महिन्याला ३ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं.

फी ऑफिसला जा, आणि शेवटच्या तारखेच्या आधी जा. मी तीन आठवडे त्या दारापर्यंत जाऊन परत येत होते, आत गेले तेव्हा तारीख उलटून गेलेली, दंड बसला तो बसलाच. पण खिडकीपलीकडच्या बाईंनी ना कारण विचारलं ना लेक्चर दिलं, एवढंच विचारलं की आत्ता किती भरू शकतेस, आणि हप्त्यांचा फॉर्म पुढे सरकवला. म्हणजे मी तीन आठवडे ज्याला घाबरत होते ते काम दहा मिनिटांचं होतं. तिथे गेल्यावर नुसतं "अडचण आहे" म्हणू नकोस, "आत्ता एवढे भरतो, बाकीचे ह्या ह्या तारखांना" असं ठरवून बोल. आणि अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी काही निधी, फी सवलत किंवा कॅम्पसवरच काम मिळतं का हेही तिथेच विचार, बऱ्याच ठिकाणी असतं पण ते आपणहून कोणी सांगत नाही. काम मिळालं तरी परीक्षेच्या आठवड्यांत तास कमी करता येतील असंच बघ, नाहीतर विषय राहिला की पुन्हा फी.

झोपेसाठी मला एकच गोष्ट उपयोगी पडली, झोपण्याआधी पाच मिनिटं उद्या काय काय करायचंय ते लिहून काढणं. नंतर वाचलं की ५७ तरुणांवर असा प्रयोगही झालाय, २०१८ मध्ये छापून आला, करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. ९ मिनिटं ऐकायला कमी वाटतात पण छताकडे बघत पडलेल्याला विचार.

पण जर कित्येक दिवस जेवण जात नसेल, वर्गात जावंसं वाटत नसेल, किंवा जगणंच नको असा विचार एकदाही आला असेल तर हे सगळं बाजूला ठेव आणि आजच्या आज एखाद्या जवळच्या माणसाला आणि काउन्सेलर किंवा डॉक्टरला सांग. फी नंतर.

आता घरी सांगायचं का? माझं मत, सांग. फक्त कागद तयार झाल्यावर फोन कर, म्हणजे "किती कमी पडतायत आणि मी काय ठरवलंय" हे दोन्ही सांगता येईल, नाहीतर ऐकणाऱ्याच्याही हाती फक्त काळजीच लागते. मी सांगितलं तेव्हा आई म्हणाली की तिला दोन महिने कळत होतं काहीतरी बिनसलंय, कारण मी फोन लवकर ठेवायला लागले होते. पैसे त्यांच्याकडेही नव्हते, ते हप्ते मीच फेडले. पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी पहाटेपर्यंत सलग झोपले.