वयात येणाऱ्या मुलाला कथेत काही उमगतं, ते शेवटी उघड सांगावं का?

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कथेच्या शेवटी जे कळतं, ते स्पष्ट लिहावं की वाचकावर सोडावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते, कथा कोण सांगतंय आणि किती वर्षांनी सांगतंय, यावर ते ठरतं.

जेम्स जॉइसची ‘अ‍ॅरबी’ घ्या, 1914 च्या ‘डब्लिनर्स’ या कथासंग्रहातली. मित्राच्या बहिणीसाठी काहीतरी आणायचं म्हणून मुलगा बाजाराला जायला तळमळतो. काका उशिरा घरी येतात, तो पोचतो तेव्हा बहुतेक दुकानं मिटलेली. एका दुकानातली तरुणी दोन पुरुषांशी हसत-बोलत उभी, याच्याशी तोंडदेखलं बोलते. दिवे मालवतात आणि शेवटच्या वाक्यात तो आपल्या पोकळ अभिमानाबद्दल सरळ बोलून टाकतो. ते शोभतं, कारण बोलणारा आता मुलगा राहिलेला नाही. तो मागे वळून बघतोय.

प्रकाश नारायण संतांचा लंपन याच्या अगदी उलट. ‘वनवास’ (1994) आणि पुढची पुस्तकं आमच्या बेळगावकडच्या कानडी-मराठी मुलखातली, म्हणून माझा त्यांच्यावर जरा जास्तच जीव. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन त्या वयातूनच बोलतो. मैत्रीण सुमी आसपास असली की आपल्याला काय होतं, हे त्याला नीट सांगता येत नाही. ते वाचकाला त्याच्या आधी समजतं. तिथे एक जरी शहाणं वाक्य घुसलं असतं तर लंपन हातचा गेला असता.

तुमच्या कथेतला मुलगा ‘मी’ म्हणून, घडतंय तसं सांगतोय. म्हणजे लंपनची वाट. पण नुसतं गाळून भागत नाही, आधी पेरावं लागतं. आमच्या निपाणीतला एक प्रसंग कल्पून बघा. आई विड्या वळते, तिला वाचता येत नाही. कथेच्या सुरुवातीला शेजारची बाई छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, जास्त काढली म्हणून मुकादमाशी भांडते आणि पुढे कितीतरी दिवस तिला विड्या वळायला पान-तंबाखूच मिळत नाही. हे दोन ओळींत, सहज जाता जाता यावं. मग एका संध्याकाळी मुलगा आईबरोबर विड्या द्यायला जातो. घरी बसून त्यानेच जुड्या मोजल्यात, हजार भरल्यात. मुकादम मूठभर विड्या बाजूला फेकतो, पुस्तकात लिहितो आणि पुस्तक सरकवतो.

“किती लिवलंय रं?” आई विचारते.

मुलगा वाचतो. नऊशे. मुकादमाकडे बघतो.

“हजार,” तो म्हणतो.

कथा इथे थांबवायला हरकत नाही. ‘त्या दिवशी मी मोठा झालो’ असं पुढे लिहिलंत की तो खोटं का बोलला, हा प्रश्नच वाचकाच्या हातून काढून घेतलात. शेजारणीचा प्रसंग मात्र विसरलात, तर हाच मुलगा नुसता भित्रा वाटेल. माझ्याकडे मुलांच्या कथा वाचायला येतात, त्यांत बहुतेकदा इथेच घोटाळा असतो: शेवटावर मेहनत खूप, दुसऱ्या पानावर काहीच नाही.

तुमच्या कथेत मुलगा त्या प्रसंगानंतर काही वेगळं करतो का, बोलतो का, की नुसता विचारच करतो, ते आधी बघा. मग शेवटचा परिच्छेद काढून कथा कुणालातरी वाचायला द्या आणि मुलाचं काय झालं ते विचारा. त्यांना सांगता आलं नाही, तर परिच्छेद परत जोडू नका. आधीच्या पानांत भर घाला.