10 टक्के मतं आणि 12 जागा

प्रिय मित्रा,
सप्रेम जिंदाबाद.

आपल्या समाजवादी विचारांचे पक्ष सारखे फुटतात, आणि मतं मिळाली तरी जागा मिळत नाहीत, या तुझ्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण पहिलीचा, म्हणजे फुटीचा, दोषही तू मतदारसंघात सर्वांत जास्त मतं घेणाराच निवडून येतो या निवडणूक पद्धतीच्या माथी मारतो आहेस. ते मला पटत नाही.

1952 ची पहिली लोकसभा घे. समाजवादी पक्षाला साडेदहा टक्क्यांच्या आसपास मतं, जागा 12. आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाला पावणेसहा टक्के, जागा 9. कम्युनिस्टांना जेमतेम सव्वातीन टक्के, तरी जागा 16, कारण त्यांचं बळ मोजक्या भागांत एकवटलेलं होतं. काँग्रेसला 45 टक्के मतांवर 489 पैकी 364 जागा. दोन जागांच्या उत्तर मुंबई मतदारसंघात डॉ. आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता मिळून लढले, कम्युनिस्टांचे कॉम्रेड डांगे वेगळे उभे राहिले, आणि तिघेही पडले.

पद्धतीतला हा अन्याय कुणाला माहीत नव्हता असं नाही. घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, दुरुस्ती मांडली होती. स्थिर सरकार आणि मतदारांची निरक्षरता ही कारणं देऊन बाबासाहेबांनी ती नाकारली. तेव्हा ते समजण्यासारखं होतं, आज निरक्षरतेचं कारण टिकत नाही.

आता फुटीकडे ये. 1952 च्या निकालानंतर समाजवादी आणि किसान मजदूर प्रजा हे दोन पक्ष एक झाले आणि प्रजा समाजवादी पक्ष उभा राहिला. 1953 मध्ये पक्षाच्या बैतूलच्या अधिवेशनात अशोक मेहतांनी मागास अर्थव्यवस्थेत काँग्रेसशी सहकार्य करावं लागेल असं मांडलं. पक्षातलेच नेते राममनोहर लोहिया यांना ते अजिबात मान्य नव्हतं. पुढच्याच वर्षी त्रावणकोर-कोचीनमध्ये (आजच्या केरळात) आपल्याच पक्षाचं सरकार असताना पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. लोहिया पक्षाचे सरचिटणीस होते आणि तुरुंगात होते; त्यांनी तिथून सरकारचा राजीनामा मागितला. माझ्या मते त्यांचा प्रश्न बरोबर होता. समाजवादी सरकारने गोळी चालवली तर जबाबदारी कुणाची, हे विचारायलाच हवं होतं. पण तो वाद मिटवण्याची रीतच पक्षाकडे नव्हती. 1955 मध्ये लोहियांच्या बाजूच्या मधू लिमयांना निलंबित केलं, वर्ष संपता संपता लोहियांनी वेगळा पक्ष काढला. 1964 मध्ये पुन्हा एकी झाली आणि वर्षभरात पुन्हा फूट. यातलं काहीही मतपेटीने घडवलेलं नाही.

आणि हीच पद्धत 1957 मध्ये आपल्या बाजूने चालली. संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि आंबेडकरांचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र आले. पाच वर्षांपूर्वी मुंबईत एकमेकांविरुद्ध लढलेले लोक एका व्यासपीठावर होते. जागा वाटून घेतल्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला हादरवलं. एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे, नाथ पै, डांगे निवडून आले. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य मिळालं आणि समिती विस्कटली. 1962 मध्ये विधानसभेच्या 264 पैकी 215 जागा काँग्रेसकडे गेल्या. या नियमात मतं वाटून लढणाऱ्याला जास्तच मार बसतो, आणि नियम काय आहे हे आपल्याला खेळण्याआधीच ठाऊक असतं.

तुला करता येण्यासारखं बरंच आहे. तुझ्या मतदारसंघाचा बूथनिहाय निकाल, फॉर्म 20, निवडणूक आयोगाकडून काढ आणि मित्रपक्षांसोबत बसून कुठे कोण खरोखर मजबूत आहे ते बघ. हे काम निवडणूक लागल्यावर होत नाही, तेव्हा फक्त तिकिटाची भांडणं होतात. बैठकीत वाद झाला की तो धोरणाचा आहे की उमेदवारीचा, हे स्पष्ट विचार. धोरणाचा असेल तर ठराव लिहून मांड, मतदान माग, आणि हरलास तर पुढच्या अधिवेशनापर्यंत पक्षातच राहून लढ.

पद्धत बदलण्याची मागणीही आत्ताच जाहीरनाम्यात घाल, कारण जिंकलेल्या पक्षाला ती नकोशी होते. विधी आयोगाने 1999 च्या 170 व्या अहवालात लोकसभेत 25 टक्के जागा वाढवून त्या पक्षांच्या मतांच्या प्रमाणात भराव्यात असं सुचवलं होतं. ते तसंच पडून आहे. आपल्याकडे सुरुवात महापालिकांपासून करता येईल. मुंबई सोडली तर प्रभागात बहुधा तीन-चार नगरसेवक असतात, पण प्रत्येक जागेला वेगळं मत, त्यामुळे मोठं पॅनेल सगळ्या जागा उचलतं. ती रचना राज्याच्या कायद्याने ठरते. तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात असा मसुदा तुमच्या गटाने लिहावा. पहिला खर्डा झाला की मला पाठव, मी वाचून देतो.

तुझा स्नेही